प्रॉक्समॉक्स व्हीई 9.0 बीटा: सॅनवर स्नॅपशॉट मिळाला, जागेचा हिशेब मात्र तुमचा

प्रॉक्समॉक्स व्हीई म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक (व्हीएम) आणि कंटेनर चालवणारी मुक्त प्रणाली. व्हीएमवेअर ही तशीच व्यावसायिक प्रणाली सोडून प्रॉक्समॉक्सकडे वळणाऱ्या टीमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: आमच्याकडे आयस्कझीचं किंवा फायबर चॅनेलचं सॅन (अनेक सर्व्हरना नेटवर्कवरून मिळणारं सामायिक स्टोरेज) आहे, त्यावर स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची अवस्था, जिथे नंतर मागे जाता येतं) घेता येतील का? उत्तरही ठरलेलंच असायचं, नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ताब्यात घेतलं आणि परवान्यांची घडी बदलली, तेव्हापासून हा प्रश्न जास्तच ऐकू येऊ लागला. सॅनचा एक लन (सॅनने दिलेली डिस्क) तीन-चार नोडना (क्लस्टरमधल्या सर्व्हरना) एकदम दाखवायचा असेल तर प्रॉक्समॉक्समध्ये साधा, म्हणजे थिक एलव्हीएम वापरावा लागतो. एलव्हीएम ही लिनक्सची डिस्कचे भाग पाडणारी यंत्रणा, आणि थिक म्हणजे प्रत्येक भागाची पूर्ण जागा आधीच राखून ठेवणारी. एलव्हीएम-थिन (लिहिलं जाईल तेवढीच जागा घेणारा) एका वेळी एकाच नोडवर चालतो, झेडएफएस ही फाइलसिस्टम शेअर होत नाही आणि सेफ हे अनेक नोडच्या डिस्क जोडून बनणारं स्टोरेज उभं करायचं तर डिस्क आणि नेटवर्क दोन्हींवर नव्याने खर्च आला. थिक एलव्हीएमवर व्हीएम चालायच्या, लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम दुसऱ्या नोडवर हलवणं) व्हायचं, हाय अव्हेलेबिलिटीही (नोड पडला तर व्हीएम दुसरीकडे आपोआप सुरू होणं) मिळायची. एक स्नॅपशॉट तेवढा नव्हता.

जुलै 2025 मधल्या 9.0 बीटाने ही उणीव भरायला घेतली. स्थिर 9.0 त्यानंतर 5 ऑगस्टला आली. ज्या डेबियन 13 वर ती उभी आहे ते डेबियन अधिकृतपणे 9 ऑगस्टला आलं, म्हणजे इमारत पायाच्या चार दिवस आधी खुली झाली. आत कर्नल 6.14, व्हीएम चालवणारं क्यूईएमयू 10, कंटेनर चालवणारं एलएक्ससी 6 आणि झेडएफएस 2.3 आहे. बीटाच्या यादीत आणखीही बरंच काही होतं, पण नीट बसून तपासावी अशी मुख्य गोष्ट स्नॅपशॉटचीच. त्यामुळे या परीक्षणातला मोठा वाटा तिला दिला आहे.

लॅब कशी मांडावी

बीटा तपासायला तीन रिकामे सर्व्हर कुणाकडेच नसतात. 64 जीबी रॅमचं एक मशीन पुरतं, 32 जीबीमध्येही ओढूनताणून बसतं. त्यावर तीन व्हीएम करा, प्रत्येकीला 4 कोअर, 8 जीबी रॅम आणि 32 जीबीची डिस्क द्या. सीपीयूचा प्रकार ‘होस्ट’ ठेवा, नाहीतर आतल्या नोडला केव्हीएम (व्हीएम चालवायची लिनक्सची सोय) मिळत नाही आणि आतली व्हीएम सुरूच होत नाही. चौथी व्हीएम साध्या डेबियनची घ्या. तिच्यात टार्गेटसीएलआय (आयस्कझी सॅन बनवणारं साधन) टाकून 200 जीबीचा लन उघडा, हेच तुमचं सॅन.

यात दोन चुका हमखास होतात. पहिली क्लोनची: एक नोड इन्स्टॉल करून त्याचेच दोन क्लोन काढण्याचा मोह होतो. मग तिन्ही नोडचं आयस्कझी इनिशिएटरचं नाव (सॅनला नोडची ओळख देणारं) एकच राहतं. टार्गेटला, म्हणजे सॅनला वाटतं की एकच होस्ट पुन्हा पुन्हा लॉगिन करतोय, म्हणून नवा आला की तो जुन्याचं सेशन तोडतो. स्टोरेज कधी दिसतं, कधी गायब होतं, आणि खापर मात्र बीटावर फुटतं. प्रत्येक नोड आयएसओवरून वेगळा इन्स्टॉल करा, तेवढा वेळ द्याच. दुसरी चूक डिस्कची. तीन नोड, सॅन आणि आतल्या व्हीएम, सगळं एकाच जुन्या सॅटा डिस्कवर ठेवलं की लेखन तुंबतं, नोडमधला संवाद सांभाळणाऱ्या कोरोसिंकचा टोकन वेळेत फिरत नाही आणि हाय अव्हेलेबिलिटी चालू असेल तर वॉचडॉग हा पहारेकरी नोडना रीसेट करतो. कधी कधी तिन्ही नोड एकदम खाली जातात. निदान एक बरी एनव्हीएमई हवीच.

तिन्ही नोडवर थेट बीटा टाकू नका. आधी 8.4 टाका, क्लस्टर बांधा, हाय अव्हेलेबिलिटीचे एक-दोन ग्रुप करा, एक जुना कंटेनर चालू ठेवा आणि मग एकेक नोड वर न्या. तुमची रोजच्या कामाची यंत्रणा 8.4 वर आहे. कोऱ्या बीटावर काय चालतं यापेक्षा तिथून वर जाताना काय मोडतं, ते कळायला हवं.

अपग्रेडची कृती ओळखीचीच आहे. 8.4 पूर्ण अद्ययावत करा. ‘पीव्हीई8टू9’ ही तपासणी स्क्रिप्ट ‘फुल’ पर्यायासह चालवा. सेफ वापरत असाल तर ते आधीच 19.2 म्हणजे स्क्विडवर आणा. मग रिपॉझिटरीतलं ‘बुकवर्म’ बदलून ‘ट्रिक्सी’ करा, टेस्ट रिपॉझिटरी जोडा आणि डिस्ट-अपग्रेड चालवा. नुसतं अपग्रेड चालवलंत तर पॅकेजं अर्धी जुनी, अर्धी नवी अशी लटकतात. ‘प्रॉक्समॉक्स-व्हीई’ हे मेटा-पॅकेज (बाकीची पॅकेजं एकत्र बांधणारं) काढलं जाणार आहे असा इशारा आला तर तिथेच थांबा. रिपॉझिटरीची कुठली तरी ओळ चुकली आहे, हाच त्याचा अर्थ. आणि हे सगळं वेब इंटरफेसमधल्या शेलवरून करू नका, कारण मध्येच ती सेवाच पुन्हा सुरू होते आणि खिडकी मिटते. एसएसएच करून टीमक्समध्ये (संपर्क तुटला तरी चालू राहणारं शेल) चालवा. बदललेल्या कॉन्फिग फाइलींबद्दल विचारणा होईल तेव्हा एलव्हीएमची फाइल तुम्ही हाताने बदलली नसेल तर पॅकेजमधली नवी घ्या, ग्रबच्या फाइलीत तुमचे बदल असतील तर आपलीच ठेवा.

तपासणी स्क्रिप्टचे पिवळे इशारे वाचून सोडून देण्याची सवय अनेकांना असते. या वेळी त्यातले निदान दोन मनावर घ्या. एक ‘सिस्टमडी-बूट’ मेटा-पॅकेजबद्दलचा: ते काढायला सांगितलं असेल तर अपग्रेडच्या आधीच काढा, नाहीतर बूटलोडरच्या अपडेटमध्ये अडचण येऊ शकते. दुसरा एलव्हीएमच्या आपोआप सक्रिय होण्याबद्दलचा. सॅनवाल्यांसाठी हा फार महत्त्वाचा आहे. आजवर नोड बूट झाला की शेअर केलेल्या लनवरचे सगळे लॉजिकल व्हॉल्यूम (एलव्हीएमने पाडलेले भाग) त्या नोडवर जागे व्हायचे, मग ती व्हीएम तिथे चालत असो वा नसो. 9 मध्ये नवे व्हॉल्यूम गरज पडेल तेव्हाच सक्रिय होतात. जुन्या व्हॉल्यूमसाठी सोबत एक मायग्रेशन स्क्रिप्ट दिली आहे, ती चालवा.

व्हॉल्यूम चेन: आत काय घडतं

डेटासेंटर, मग स्टोरेज, मग एलव्हीएम जोडताना प्रगत पर्यायांमध्ये व्हॉल्यूम चेनच्या स्नॅपशॉटला परवानगी देणारा चौकोन दिसतो. त्यावर ‘टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू’ असा शिक्का आहे आणि तो स्थिर 9.0 मध्येही राहिला. स्टोरेजच्या कॉन्फिग फाइलीत याची एकच ओळ पडते, ‘स्नॅपशॉट-अ‍ॅज-व्हॉल्यूम-चेन 1’.

चौकोनावर खूण केली म्हणजे काम झालं असं नाही. ही खूण फक्त यापुढे बनणाऱ्या डिस्कना लागू होते. लनवर आधीपासून असलेल्या डिस्क रॉ स्वरूपातच राहतात आणि त्यांचं स्नॅपशॉटचं बटण पूर्वीसारखंच निष्क्रिय दिसतं. बीटा बिघडला आहे अशी तक्रार बहुधा इथूनच सुरू होते. उपाय म्हणजे डिस्क ‘मूव्ह’ करून क्यूकाऊ2 या थर रचता येणाऱ्या स्वरूपात आणणं. हे चालू व्हीएमवरही होतं, पण त्या वेळी दोन्ही प्रतींची जागा लागते, हे धरून चला.

आता यंत्रणा. एरवी क्यूकाऊ2 ही फाइल असते, इथे ती थेट लॉजिकल व्हॉल्यूमवर लिहिली जाते. व्हीएम 100 ची पहिली डिस्क 100 जीबीची आहे असं धरू. तुम्ही ‘पॅचआधी’ नावाचा स्नॅपशॉट घेतलात की चालू व्हॉल्यूमचं नाव बदलून त्याच्या पुढे ‘स्नॅप’ आणि मागे तुमचं नाव लागतं, आणि तो गोठतो. मूळ नावाचा नवा व्हॉल्यूम तयार होतो, तो या गोठलेल्याला आधार धरतो आणि पुढचं सगळं लेखन त्यात जातं. वाचताना नव्या थरात ब्लॉक सापडला नाही तर खालच्या थरात शोधला जातो. लनवर ‘एलव्हीएस’ ही व्हॉल्यूमची यादी देणारी आज्ञा चालवून बघा, दोन्ही नावं एकाखाली एक दिसतात.

आणि दोघांचा आकारही दिसतो. खरी मेख इथेच आहे. थिक एलव्हीएमला पातळ वाटप ठाऊक नाही. नव्या थरात पाचच एमबी लिहिले जाणार असले तरी त्याला पूर्ण 100 जीबी आणि वर थोडी मेटाडेटाची जागा मिळते. एक स्नॅपशॉट घेतला की 200 जीबी, तीन घेतले की 400. दोन टीबीच्या लनवर 100 जीबीच्या दहा व्हीएम असतील तर अर्धा लन मोकळा दिसतो, पण महिन्याच्या पॅचिंगआधी दहाही व्हीएमचा एकेक स्नॅपशॉट घ्यायला निघालात तर शेवटी मोकळे एक्स्टेंट (एलव्हीएमचे जागेचे तुकडे) कमी पडू शकतात. तसं झालं तर चालू व्हीएमला धक्का लागत नाही, स्नॅपशॉट तेवढा अयशस्वी होतो. पण पॅचिंगची स्क्रिप्ट ते अपयश न पाहता पुढे गेली तर तुम्ही दोरीशिवाय विहिरीत उतरला आहात. ‘व्हीजीएस’ या आज्ञेने मोकळी जागा आधी तपासा, स्क्रिप्टमध्ये तशी अटच घाला.

रॅमसह स्नॅपशॉट घेतलात तर हिशेब आणखी चढतो. रॅमची अवस्था साठवायला प्रॉक्समॉक्स रॅमच्या दुप्पट अधिक 500 एमबी इतका वेगळा व्हॉल्यूम मागतो. 16 जीबी रॅमच्या व्हीएमला साडेबत्तीस जीबी. एलव्हीएम-थिनवर किंवा झेडएफएसवर हे जाणवत नाही, कारण तिथे लिहिलं जाईल तेवढंच मोजलं जातं. थिक एलव्हीएमवर मात्र पूर्ण आकडा कापला जातो. पॅच लावण्याआधीच्या स्नॅपशॉटमध्ये रॅमची गरज बहुधा नसते. त्या चौकोनावरची खूण काढा आणि व्हीएममध्ये गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत चालणारा मदतनीस प्रोग्राम) चालू ठेवा, म्हणजे स्नॅपशॉटच्या क्षणी फाइलसिस्टम नीट थांबवली जाते.

अ‍ॅरेवरच थिन प्रोव्हिजनिंग असेल तर गणित थोडं सैल होतं: एलव्हीएमला 100 जीबी गेले असं वाटतं, अ‍ॅरेला लिहिलेले ब्लॉकच मोजावे लागतात. म्हणून लन मोठा दाखवून काम भागवता येतं. पण व्हॉल्यूम काढून टाकल्यावर ती जागा अ‍ॅरेला आपोआप परत मिळेल असं समजू नका, कारण एलव्हीएमच्या कॉन्फिगमधला ‘इश्यू-डिस्कार्ड्स’ (मोकळी झालेली जागा अ‍ॅरेला कळवणारा पर्याय) मुळात बंद असतो. काही महिन्यांनी अ‍ॅरे भरल्याचा इशारा येतो आणि प्रॉक्समॉक्समध्ये बघावं तर अर्धी जागा मोकळी.

काढताना आणि मागे जाताना

घेणं झटपट असतं, काढणं नाही. स्नॅपशॉट काढायचा म्हणजे दोन थर एकत्र करायचे, आणि चालू व्हीएमवर हे काम क्यूईएमयू पार्श्वभूमीला करतं. सर्वांत तळाचा, म्हणजे मूळ थर काढायचा असेल तर त्याच्या वरच्या थरातला डेटा खाली ओतला जातो. मधला काढायचा असेल तर खालचा डेटा वर ओढला जातो. यामागचा विचार सरळ आहे: तळाचा थर सहसा सर्वांत मोठा, तो हलवण्यापेक्षा छोटा हलवावा. पण एखाद्या डेटाबेस व्हीएमचा स्नॅपशॉट दोन आठवडे तसाच राहिला तर वरचा थरही फुगलेला असतो आणि विलीनीकरणाचं सगळं वाचन-लेखन सॅनवर पडतं. ते दुपारी बारा वाजता सुरू केलंत तर बाकीच्या व्हीएमचे वापरकर्ते फोन करतीलच.

मागे जायचं तर शेवटच्या स्नॅपशॉटवरच जाता येतं. तीन असतील आणि पहिल्यावर परतायचं असेल तर नंतरचे दोन आधी काढावे लागतात. झेडएफएस वापरणाऱ्यांना हे नवं नाही, व्हीएमवेअरमधून आलेल्यांना खटकतं. तिथल्यासारखं स्नॅपशॉटच्या झाडावर या फांदीवरून त्या फांदीवर जाणं इथे होत नाही.

बीटात ही गोष्ट तपासायची तर नुसतं ‘घेतला, मागे गेलो, चाललं’ एवढ्यावर समाधान मानू नका. आतल्या व्हीएममध्ये काही जीबीच्या फाइली ठेवा आणि त्यांचे शा256 चेकसम (फाइल बदलली का हे ओळखण्याचा आकडा) लिहून घ्या. एफआयओ या चाचणीच्या साधनाने सतत लेखन चालू ठेवा. त्या लेखनाखाली स्नॅपशॉट घ्या, व्हीएम दुसऱ्या नोडवर लाइव्ह हलवा, आणखी एक स्नॅपशॉट घ्या आणि मग पहिला काढायला लावा. व्हीएम बंद करून क्यूईएमयू-आयएमजीच्या ‘चेक’ आणि ‘इन्फो’ने पूर्ण साखळी तपासा. त्यासाठी व्हॉल्यूम हाताने सक्रिय करावे लागतील. ते एकाच नोडवर करा आणि काम झालं की निष्क्रिय करायला विसरू नका. शेवटी चेकसम जुळवा.

खरी परीक्षा पुढची. विलीनीकरण चालू असताना तो नोड बाहेरून ‘स्टॉप’ करा, म्हणजे थेट वीज गेल्यासारखं. नोड परत आल्यावर व्हीएमच्या कॉन्फिगमध्ये ‘स्नॅपशॉट-डिलीट’ हे कुलूप अडकलेलं सापडू शकतं आणि व्हीएम सुरू होत नाही. व्हीएम हाताळणाऱ्या ‘क्यूएम’ आज्ञेच्या ‘अनलॉक’ने ते निघतं, मग स्नॅपशॉट पुन्हा काढायला सांगा. इथे घाईने ‘फोर्स’ वापरण्याचा मोह टाळा. फोर्स स्नॅपशॉटचं नाव कॉन्फिगमधून पुसतो, पण लनवरचा व्हॉल्यूम निघेलच याची खात्री देत नाही. मग इंटरफेसमध्ये स्नॅपशॉट नाही, एलव्हीएसमध्ये मात्र 100 जीबीचा अनाथ थर पडून आहे, अशी अवस्था होते. तो थर हाताने काढण्याआधी चालू डिस्क त्याच्यावर अजून अवलंबून नाही ना, हे ‘इन्फो’मधल्या बॅकिंग फाइलच्या नावावरून पक्कं करा. अवलंबून असताना काढलात तर ती डिस्क गेलीच.

एनएफएस (नेटवर्कवरून मिळणारं फाइल स्टोरेज) आणि साध्या डिरेक्टरी स्टोरेजलाही व्हॉल्यूम चेनचा हा चौकोन मिळाला आहे. तिथे क्यूकाऊ2 मध्ये आतल्या आत स्नॅपशॉट पूर्वीपासून होते, पण मोठ्या डिस्कचा स्नॅपशॉट एनएफएसवर काढताना व्हीएम बराच वेळ गोठायची. व्हॉल्यूम चेनमुळे ते दुखणं कमी होतं, आणि फाइल लागेल तशी वाढत असल्यामुळे जागेचा वरचा जाच तिथे नाही. सॅन नसलेल्या छोट्या ऑफिसांसाठी कदाचित हाच बदल जास्त कामाचा. गाजावाजा मात्र एलव्हीएमचाच झाला.

बॅकअपवर याचा परिणाम होत नाही. प्रॉक्समॉक्सचा बॅकअप क्यूईएमयूच्या स्वतःच्या यंत्रणेने डिस्क वाचतो, त्याला स्टोरेजचा स्नॅपशॉट लागत नाही. उलटंही तितकंच खरं: साखळीतला एक थर खराब झाला तर त्याच्या वरचे सगळे गेले, त्यामुळे स्नॅपशॉट आहे म्हणून रात्रीचा बॅकअप टाळणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

हाय अव्हेलेबिलिटीचे नवे नियम

जुने ग्रुप गेले, नियम आले. नियम दोन प्रकारचे. नोड अ‍ॅफिनिटी सांगते की ही व्हीएम कोणत्या नोडवर राहावी, आणि रिसोर्स अ‍ॅफिनिटी सांगते की या व्हीएम एकत्र राहाव्यात किंवा वेगळ्या. दुसरा प्रकार पूर्णपणे नवा आहे आणि बहुतेकांना तोच हवा होता. दोन डोमेन कंट्रोलर कधीच एका नोडवर नकोत, किंवा अ‍ॅप्लिकेशन आणि त्याचा डेटाबेस जवळ हवेत, असं आता थेट सांगता येतं.

जुन्या ग्रुपचं रूपांतर आपोआप होतं, पण क्लस्टरमधले सगळे नोड 9 वर आल्यावरच. एक नोड 8.4 वर ठेवून ‘ग्रुप अजून तसेच का’ असं विचारण्यात अर्थ नाही. जुन्या ‘रिस्ट्रिक्टेड’च्या जागी ‘स्ट्रिक्ट’ आलं. ‘नोफेलबॅक’ ग्रुपमधून निघून प्रत्येक व्हीएमच्या नोंदीत ‘फेलबॅक’ म्हणून गेला, आणि अर्थ उलटा झाला. आधी खूण केली की परत येत नसे, आता खूण असली की परत येते. रूपांतरानंतर हे एकदा डोळ्यांखालून घाला.

लॅबमध्ये दोन गोष्टी मुद्दाम करून पाहा. तीन नोडवर चार व्हीएमना ‘वेगळे राहा’ असा नियम द्या: तो अवैध ठरतो, कारण चौथीला जागाच नाही. मग तीन व्हीएमना द्या: नियम चालतो. आता एक नोड पाडा. त्यावरची व्हीएम उरलेल्या दोघांवर जात नाही, कारण तिथे नियम मोडतो, आणि ती रिकव्हरीच्या अवस्थेत थांबून राहते. कागदावर हे बरोबरच आहे, रात्री दोन वाजता फोन आला की बरोबर वाटत नाही. त्यामुळे वेगळं ठेवण्याच्या नियमात नोडपेक्षा निदान एक व्हीएम कमी ठेवा.

नोड पाडताना ‘शटडाऊन’ नको, ‘स्टॉप’ करा. नीट शटडाऊन केलं की हाय अव्हेलेबिलिटी वेगळ्या धोरणाने वागते आणि तुमची फेन्सिंगची (पडलेला नोड सक्तीने बाजूला काढण्याची) परीक्षा होतच नाही. वीज ओढल्यासारखा पाडलात तर व्हीएम दुसरीकडे उभी राहायला साधारण दोन मिनिटं लागतात. तेवढं थांबा, लगेच बटणं दाबू नका.

इंटरफेसमध्ये ‘एकत्र राहा’ नियमातली एक व्हीएम हलवली की बाकीच्याही सोबत निघतात. ही वागणूक योग्यच आहे, पण 64 जीबी रॅमची डेटाबेस व्हीएम छोट्या वेब सर्व्हरच्या मागे नकळत निघाली तर नेटवर्कवर भार येतो. खिडकीतली सूचना वाचा.

बाकीचं, थोडक्यात

एसडीएन (सॉफ्टवेअरने आखलेलं नेटवर्क) फॅब्रिक तीन-चार नोडच्या सेफ क्लस्टरसाठी चांगलं आहे. स्विच न घालता नोड एकमेकांना थेट जोडायचे, प्रत्येकाला एक लूपबॅक पत्ता द्यायचा आणि ओपनफॅब्रिक किंवा ओएसपीएफ या प्रोटोकॉलने मार्ग शोधू द्यायचे. पूर्वी एफआरआर या रूटिंग सॉफ्टवेअरच्या फाइली हाताने लिहाव्या लागत, आता फॉर्म भरून एसडीएनचं ‘अप्लाय’ दाबायचं. एफआरआरचं पॅकेज आधी टाकलेलं हवं, आणि एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) मात्र अजून तुम्हीच सगळीकडे सारखा ठेवायचा. हे नेस्टेड लॅबमध्ये तपासता येतं: नोडना जोडीजोडीने वेगळे ब्रिज द्या आणि एक तोडून वाहतूक फिरते का ते पाहा.

झेडएफएस 2.3 मुळे रेडझेडमध्ये (डिस्क बिघडली तरी डेटा वाचवणारी रचना) एकेक डिस्क वाढवता येते. तीन डिस्कच्या रेडझेड1 ला चौथी जोडली तरी पॅरिटी (बचावासाठीची जादा माहिती) एकच राहते, आणि आधी लिहिलेला डेटा जुन्याच प्रमाणात पडून राहतो, म्हणून जोडल्यावर दिसणारी मोकळी जागा अपेक्षेपेक्षा कमी भरते. डेटा पुन्हा लिहिला गेला की ती सुधारते. बीटावर असताना ‘झेडपूल अपग्रेड’ मात्र चालवू नका. पूलची नवी वैशिष्ट्यं एकदा सुरू झाली की 8 च्या जुन्या झेडएफएसला तो पूल उघडता येईलच असं नाही, आणि परतीचा रस्ता तुम्हीच बंद केलेला असतो.

काही गोष्टी गेल्या, त्या यादीत खाली लिहिल्या असल्या तरी आधी वाचाव्यात. सीग्रुप व्ही1 (कंटेनरना संसाधनं वाटण्याची लिनक्सची जुनी पद्धत) गेल्यामुळे सेंटओएस 7 आणि उबुंटू 16.04 चे कंटेनर 9 वर सुरू होत नाहीत. एखादं जुनं, कोणी हात न लावणारं पीएचपी पोर्टल अशा कंटेनरमध्ये चालत असेल तर अपग्रेडआधी ते व्हीएममध्ये हलवा. ग्लस्टरएफएस या स्टोरेजचा आधार संपला. ‘/टीएमपी’ आता रॅममध्ये असतं, तिथे मोठ्या डंप फाइली टाकणाऱ्या आपल्या स्क्रिप्ट शोधून काढा, नाहीतर नोडची रॅम गायब होते आणि कुठे गेली ते कळत नाही. कर्नलच्या सेटिंग जुन्या ‘सिसकंट्रोल’ फाइलीत ठेवल्या असतील तर तीही आता वाचली जात नाही, त्या ‘सिसकंट्रोल.डी’ फोल्डरमध्ये हलवा.

नव्या कर्नलने नेटवर्क कार्डाचं नाव बदललं की ब्रिज (व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा दुवा) तुटतो आणि नोडशी संपर्क जातो. हा धोका दर मोठ्या अपग्रेडला असतो, म्हणून आयपीएमआय (सर्व्हर दुरून हाताळायची सोय) किंवा प्रत्यक्ष कीबोर्ड हाताशी हवा. 9.0 मध्ये नावं पक्की करायचं एक साधन मिळालं आहे, ते ‘निक0’, ‘निक1’ अशी नावं कायमची बांधून देतं.

मेमरीचे आकडे पाहून दचकू नका. बलूनिंगची (रॅम गरजेनुसार कमी-जास्त करण्याची) माहिती न देणाऱ्या व्हीएमसाठी 9 मध्ये होस्टच्या बाजूने मोजलेला वापर दिसतो आणि क्यूईएमयूचा स्वतःचा खर्च धरून तो शंभर टक्क्यांच्या वरही जातो. 90 टक्क्यांवर वाजणारे मॉनिटरिंगचे अलार्म तेवढे बदलून ठेवा.

कोणी वापरावं

सॅन आहे, लनवर निम्म्याहून जास्त जागा मोकळी आहे आणि स्नॅपशॉट पॅचिंगपुरता, दिवसा-दोन दिवसांत काढून टाकण्यासाठी हवा आहे, अशांना व्हॉल्यूम चेन उपयोगी पडेल. तीही वेगळा लन काढून, कमी महत्त्वाच्या व्हीएमपासून सुरुवात करून. स्नॅपशॉटचा ढीग साठवून ठेवायची सवय असेल, किंवा लन आधीच 80 टक्के भरला असेल, तर नको. हाय अव्हेलेबिलिटीचे नियम मात्र बीटातही घडीव वाटले, त्यांच्यासाठी अपग्रेड करायला हरकत नाही.

बीटावर उभी केलेली लॅब मोडायची गरज नव्हती. टेस्ट रिपॉझिटरी काढून नो-सबस्क्रिप्शन किंवा एंटरप्राइझ रिपॉझिटरी लावली आणि एपीटीने पूर्ण अपग्रेड केलं की तेच क्लस्टर स्थिर 9.0 वर येतं, आणि तिथून पुढे नोव्हेंबर 2025 मधल्या 9.1 वर. विंडोज 11 च्या व्हीएम असतील तर 9.1 पर्यंत जाच. 9.0 मध्ये व्हर्च्युअल टीपीएम (विंडोज 11 ला लागणारी सुरक्षा चिप) जोडलेल्या व्हीएमचा या पद्धतीने एलव्हीएमवर स्नॅपशॉट घेता येत नाही. 9.1 मध्ये टीपीएमची अवस्था क्यूकाऊ2 मध्ये ठेवता येते, पण एलव्हीएमवर स्नॅपशॉट घ्यायचा तर व्हीएम बंद करावी लागते. तेव्हा विंडोजच्या पॅचिंगचं वेळापत्रक लावताना प्रत्येक मशीनसाठी एक जादा शटडाऊन आणि स्टार्ट धरा.